मोनेलचं काम : शॉपमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

व्हॉल्व्ह, पंप किंवा हीट एक्स्चेंजर बनवणाऱ्या कारखान्यात रुजू झालात की सुरुवातीला हाताखाली येतं ते स्टेनलेस. मोनेल, म्हणजे निकेल-तांब्याचा मिश्रधातू, येतं ते ऑर्डर समुद्राच्या पाण्याची किंवा रिफायनरीची असली की. मी आधी क्वालिटीत होते, नंतर एडीआयएस (औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा) करून सेफ्टीत आले. त्यामुळे या धातूवर काम करणारी दोन प्रकारची माणसं जवळून पाहिली. नवीन पोरं सेफ्टी डेटा शीटमध्ये 'कॅन्सर' शब्द वाचून मोनेलच्या बारला, म्हणजे सळईला, हात लावायला घाबरतात. जुनी मंडळी म्हणतात, "इतकी वर्षं घासतोय, काय झालं?" दोघांचंही चुकतं, कारण दोघंही धातूकडे बघतात. बघायचं असतं ते आपण त्या धातूचं काय करतोय याकडे.

मोनेल ४०० मध्ये निकेल किमान ६३ टक्के आणि तांबं २८ ते ३४ टक्के असतं. उरलेलं थोडं लोखंड, मँगनीज वगैरे. नाव पडलं ते इंटरनॅशनल निकेल कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष अँब्रोज मोनेल यांच्यावरून. पेटंट १९०६ सालचं. मोनेल के-५०० या दुसऱ्या प्रकारात अ‍ॅल्युमिनियम आणि टायटॅनियमची भर असते, म्हणून तो कडक होतो. रॅकवर स्टेनलेस आणि मोनेल शेजारी ठेवले तर नुसत्या डोळ्यांनी ओळखणं अवघड. कोणी चुंबक लावून ओळखायला सांगेल, पण त्याच्यावर विसंबू नका. मोनेल ४०० चं चुंबकत्व खोलीच्या तापमानाच्या आसपासच जातं-येतं. थंडीतल्या सकाळच्या शिफ्टला चुंबक हलकासा ओढला जातो, तोच बार मशिनवरून गरम होऊन उतरला की अजिबात नाही. बारवरचा हीट नंबर, म्हणजे धातू ज्या घाण्यातून आला त्याचा क्रमांक, बघा, सर्टिफिकेटशी जुळवा, शंका असेल तर पीएमआय गन (धातूत काय काय आहे ते जागेवर दाखवणारं यंत्र) लावून घ्या. नुसत्या क्वालिटीसाठी हे सांगत नाहीये. कोणत्या धातूची धूळ नाकात जाणार हेच माहीत नसेल तर पुढची सगळी काळजी अंदाजपंचे.

आता कॅन्सरचं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, निकेलची संयुगं गट १ मध्ये टाकली आहेत, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध. धातुरूपातलं निकेल गट २-ब मध्ये आहे, म्हणजे शक्यता आहे पण पुरावा अपुरा. नाकाच्या आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा पुरावा आला तो मुख्यतः निकेल शुद्ध करणाऱ्या जुन्या रिफायनऱ्यांतल्या कामगारांकडून. वेल्समधल्या क्लायडॅकचं उदाहरण सगळ्यात प्रसिद्ध. तिथे खनिजाची आणि ऑक्साइडची धूळ वर्षानुवर्षं श्वासात जात होती. तुमच्या रॅकवरचा बार म्हणजे ते नव्हे. पण त्याच बारवर वेल्डिंगचा आर्क पेटवला की धुरात निकेलचे ऑक्साइड येतात आणि वेल्डिंगचा धूर २०१७ पासून गट १ मध्येच आहे. म्हणजे बार उचलताना घाबरायचं कारण नाही, आणि धुरात तोंड घालून 'काय होतंय' म्हणायचंही नाही.

रोजच्या कामात जास्त दिसतं ते त्वचेचं दुखणं. निकेलची अ‍ॅलर्जी एकदा बसली की सहसा जन्मभर राहते. घामातल्या मिठाने धातूतलं निकेल थोडंथोडं विरघळतं आणि ते कातडीत उतरतं, म्हणून एप्रिल-मेमध्ये तक्रारी वाढतात. बोटांच्या बेचक्यात खाज, मनगटावर पुरळ, मग भेगा. नवीन माणूस आला की मी विचारते, खोट्या दागिन्यांनी कान पिकतात का? पट्ट्याच्या बकलाखाली पोटावर चट्टा उठतो का? उत्तर हो असेल तर कामावर घेण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट करून घेतलेली बरी. पाठीला पट्ट्या लावून दोन दिवस ठेवतात, मग बघतात. हा प्रश्न मुलींना लगेच कळतो. मुलगे आधी हसतात आणि मग बकलाचं आठवतं.

"मग हातमोजे घालतो" असं कोणीही म्हणेल. इथेच थांबा. लेथ, ड्रिल, मिलिंग, कुठल्याही फिरत्या मशिनवर हातमोजे घालायचे नाहीत. मोजा अडकला की बोट नाही, हात जातो. नायट्राइलचे मोजे मशीन बंद असताना: जॉब काढताना, चिप्स गोळा करताना, कूलंटची टाकी साफ करताना. बाकी वेळी हात कोरडे ठेवायचे आणि चहाच्या सुट्टीआधी साबणाने धुवायचे. आणि तंबाखू. ग्राइंडिंगच्या धुळीने काळ्या झालेल्या तळहातावर तंबाखू-चुना मळून गालात धरायचा, यापेक्षा निकेल पोटात घालायचा सोपा मार्ग नाही. तंबाखू सोडा हे सांगून मी दमले. निदान हात धुऊन मळा.

टर्निंगमध्ये, म्हणजे लेथवर कापताना, मोनेल चिवट. चिप तुटत नाही, लांब रिबन होऊन जॉबभोवती गुंडाळते, आणि टूल एका जागी घासत राहिलं की पृष्ठभाग आणखी कडक होतो. धारदार टूल, कमी स्पीड, न थांबणारा फीड. रिबन हुकाने ओढायची, हाताने कधीही नाही. ती पात्यासारखी कापते आणि त्याच जखमेत कूलंट आणि धातूचे कण जातात.

कटिंग ऑइलमध्ये गंधक असेल तर पुढे वेल्डिंगला जाणारा जॉब पूर्ण साफ करावा लागतो, नाहीतर गंधकाने निकेल ठिसूळ होऊन जोड तडकतो. मार्कर आणि खडूच्या खुणासुद्धा पुसायच्या. इथे एक गोष्ट शॉपमध्ये सहसा कोणी सांगत नाही. साफ करायला ट्रायक्लोरोइथिलीनसारखं क्लोरीनवालं सॉल्व्हंट वापरलं आणि त्याची वाफ आर्कजवळ राहिली, तर आर्कच्या उष्णतेने आणि अतिनील किरणांनी त्यातून फॉस्जीन होतो. हा वायू फुप्फुसात पाणी भरवतो, तेही काही तासांनंतर, माणूस घरी गेल्यावर. अ‍ॅसिटोन वापरा, पूर्ण सुकू द्या आणि डबा वेल्डिंग बूथच्या बाहेर ठेवा, कारण तो पेट घेतो.

ग्राइंडिंगला मास्क हवाच, किमान एन-९५. दाढी असेल तर तो चेहऱ्यावर बसत नाही, मग घातला काय नि नाही काय. शिफ्ट संपल्यावर एअर गनने कपडे झटकायची सवय सगळीकडे आहे, ती बंद करा. खाली बसलेली धूळ तुम्ही पुन्हा नाकापर्यंत आणता. हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम किंवा ओलं फडकं. हवेच्या मर्यादांवरून गोंधळ होतो म्हणून सांगते: धातुरूप निकेलसाठी ओशाची, म्हणजे अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याची, कायदेशीर मर्यादा घनमीटरला १ मिलिग्रॅम, तर त्याच देशातल्या नायॉश या संशोधन संस्थेची शिफारस ०.०१५. दोघांत सदुसष्टपट अंतर. मी नेहमी खालच्या आकड्याकडे बघते. तांब्याच्या धुरासाठी ओशाचा आकडा ०.१.

हा तांब्याचा धूर संध्याकाळी गाठतो. काम संपल्यावर काही तासांनी थंडी वाजून ताप, अंगदुखी, तोंडात धातूची चव. दोन दिवसांत आपोआप बरं. डॉक्टर व्हायरल म्हणून गोळ्या देतात, कारण वेल्डिंग केलं होतं हे तुम्ही सांगितलेलंच नसतं. सांगत जा. आणखी एक, मोनेलमध्ये क्रोमियम नसतं, त्यामुळे स्टेनलेसच्या धुरातला हेक्साव्हॅलंट क्रोमियमचा प्रश्न इथे नाही. अर्थात त्याच बूथमध्ये सकाळी स्टेनलेसचं काम झालं असेल तर तिथे त्याचीच धूळ पडलेली असते. आर्गॉन वेल्डिंगमध्ये धूर कमी दिसतो, पण पाइप किंवा व्हेसलच्या आत पर्जिंग केलेलं, म्हणजे हवा काढून आर्गॉन भरलेला, असेल तर डोकं आत घालू नका. आर्गॉन हवेपेक्षा जड, वास नाही, रंग नाही. खाली साचतो आणि माणूस काही कळायच्या आत पडतो. ऑक्सिजन मीटर आधी आत जातो, माणूस नंतर.

सगळ्यात धोकादायक जॉब मात्र नवा नसतो. तो दुरुस्तीला परत आलेला असतो. मोनेल हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडला टिकतं, म्हणूनच हे अ‍ॅसिड वापरणाऱ्या रिफायनरीच्या अल्किलेशन युनिटमध्ये ते वापरतात. तिथून काढलेला व्हॉल्व्ह बाहेरून स्वच्छ दिसला तरी पॅकिंगखाली, थ्रेडमध्ये, सीटच्या मागे फ्लोराइडचा थर आणि अ‍ॅसिड अडकलेलं असू शकतं. फिटर गॅसकटर मारून गंजलेला बोल्ट सैल करायला जातो आणि वाफ थेट तोंडावर. पाठवणाऱ्या प्लांटचं न्यूट्रलायझेशनचं (अ‍ॅसिड निष्प्रभ केल्याचं) लेखी प्रमाणपत्र हातात नसेल तर तो जॉब गेटच्या आत घेऊ नका, मग सेल्सवाले कितीही ओरडोत. प्रमाणपत्र असलं तरी पहिलं उघडणं मोकळ्या जागेत, फेसशील्ड आणि अ‍ॅसिडचे मोजे घालून. आतला भाग सोडा अ‍ॅशच्या पाण्याने पुन्हा धुवा.

हे अ‍ॅसिड सौम्य असेल तर लागताक्षणी दुखत नाही; कित्येक तासांनी, रात्री कळ येते. तोवर ते आत उतरून रक्तातलं कॅल्शियम ओढत असतं. लागलं असं वाटलं तरी लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, कपडे काढायचे, २.५ टक्क्यांची कॅल्शियम ग्लुकोनेट जेल चोळत राहायची आणि थेट हॉस्पिटल गाठायचं. हीच गोष्ट पिकलिंगच्या, म्हणजे अ‍ॅसिडने धातू साफ करण्याच्या, टाकीपाशीही, कारण तिथे बहुधा नायट्रिकसोबत हेच अ‍ॅसिड असतं. जेल कुठे ठेवली आहे आणि तिची एक्स्पायरी कधीची आहे, हे रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी स्वतः जाऊन बघा. बऱ्याच ठिकाणी ती फर्स्ट एडच्या पेटीत कुलपात असते आणि किल्ली जनरल शिफ्टच्या टाइमकीपरकडे, म्हणजे नाइट शिफ्टला मिळत नाही.