वय जन्मतारखेच्या पुढे पळतंय का? घरच्या घरी कसं ओळखायचं

पिकलेले केस आणि सुरकुत्या बघून माणसाचं वय सांगायची आपली पद्धत फारशी कामाची नाही. केस लवकर पांढरे होणं बहुतांशी घराण्यातून येतं, आणि सुरकुत्यांत मोठा वाटा उन्हाचा असतो. हर्णै किंवा मालवणच्या बंदरावर उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाचा चेहरा साठीचा दिसेल, पण त्याचे पाय आणि हृदय धडधाकट असतील. उलट मुंबईहून आलेला, चेहऱ्याने तुकतुकीत चाळिशीतला चाकरमानी आतून कितीतरी पुढे गेलेला असू शकतो.

आतलं वय कळतं ते रक्तवाहिन्या, रक्तातली साखर, पायांची ताकद, फुप्फुसं, तोंड, कान आणि डोळ्यांवरून. यातलं बरंचसं घरी मोजता येतं. शिंप्याची टेप, सेकंद दाखवणारा मोबाईल, दंडाला पट्टा बांधायचं बीपीचं यंत्र आणि एक वही एवढंच लागतं. वर्षातून दोनदा मोजलं तरी पुरे. शिमगा आणि गणपती हे सोयीचे मुहूर्त, कारण तेव्हा टेप धरायला घरात माणूस असतो. गणपतीत मोजायचं तर चतुर्थीच्या आधी उरकून घ्या. मोदक आणि भजनाची जागरणं सुरू झाली की आकड्यांवर भरवसा ठेवू नये.

बीपी: सगळ्यात आधी हेच

वाढलेलं बीपी दुखत नाही, म्हणून ते वर्षानुवर्षं कळत नाही. तेवढ्या काळात रक्तवाहिन्या ताठर होतात, हृदयाची भिंत जाड होते, मूत्रपिंडाची गाळणी झिजते आणि मेंदूच्या बारीक वाहिन्या खराब होतात. म्हातारपणाचा वेग वाढवणारी एकच गोष्ट आधी धरायची तर आम्ही बीपी धरू.

मोजताना चुका होतात त्या अशा. बाजारातून चढण चढून आल्या आल्या मोजणं. पट्टा बाहीवरून बांधणं. मोजताना बोलणं. पाय लोंबकळत ठेवून बाकड्यावर बसणं. या प्रत्येकाने आकडा वर जातो. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, मशेरी नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पावलं जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या पातळीत येईल. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा घ्या. लहान पट्टा आकडा फुगवून दाखवतो. पहिल्यांदा दोन्ही हातांचं मोजा आणि पुढे ज्या हाताचं जास्त येतं तोच धरा. दोन हातांत १५ किंवा त्याहून जास्त फरक पुन्हा पुन्हा आला तर डॉक्टरांना सांगा.

सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून पहिला दिवस सोडा आणि बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर ते वाढलेलं बीपी. दवाखान्यातली मर्यादा १४०/९० असते, कारण तिथे बहुतेकांचं थोडं वाढतंच. साठीनंतर वरचा आकडा १६० आणि खालचा ८० असं दिसलं की पुष्कळजण ‘खालचं नॉर्मल आहे’ म्हणून सोडून देतात. ते चुकीचं आहे. दोन आकड्यांतलं अंतर ६० च्या पुढे जाणं ही वाहिन्या ताठर झाल्याची खूण असते.

वयस्कर माणसाचं बसून मोजल्यावर उभं करून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर पहाटे उठून न्हाणीघराकडे जाताना पडायची भीती आहे. अशा वेळी गोळ्या स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांकडून त्यांची मात्रा बघून घ्या.

मीठ दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमपर्यंत हवं, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. आपल्याकडे ते भाजीत कमी आणि बाजूच्या जिनसांत जास्त असतं: पेजेबरोबरचं लोणचं, पापड, खारा बांगडा. बोंबील आणि जवळा बहुधा नुसते उन्हात वाळवतात, त्यामुळे सगळी सुकी मासळी एका मापाने मोजू नये. खारवलेली मासळी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून ते पाणी फेकून द्या. मीठ पूर्ण जात नाही, पण बरंच कमी होतं. आणि मग कालवणात पुन्हा सवयीने मीठ टाकू नका.

पाय सांगतात ते ऐका

‘वय झालं, आता पाय दुखणारच’ हे वाक्य वाडीत रोज ऐकू येतं. त्यामागे पुष्कळदा गुडघ्यापेक्षा मांडीचे स्नायू आटलेले असतात. स्नायू कमी झाला की रक्तातली साखर मुरवायला जागा कमी पडते, तोल जातो, पडणं वाढतं, आणि पडण्याच्या भीतीने माणूस ओटीवरून खाली उतरेनासा होतो.

पहिली चाचणी खुर्चीची. बिनहाताची, साधारण ४३ सेंटिमीटर उंचीची खुर्ची किंवा बाकडं भिंतीला टेकवून ठेवा. प्लास्टिकची खुर्ची नको, ती शहाबादी फरशीवर सरकते. हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उभं राहायचं आणि बसायचं. बसलेल्या स्थितीपासून पाचव्यांदा ताठ उभं राहीपर्यंत १२ सेकंद किंवा जास्त लागले तर ताकद कमी आहे. हात न टेकता एकदाही उठता येत नसेल तर घड्याळ लावायची गरजच नाही. शेजारी माणूस उभा ठेवूनच करा.

दुसरी चालण्याची. सपाट ओटीवर किंवा सारवलेल्या अंगणात ६ मीटरवर दोन खुणा करा. पहिल्या खुणेच्या थोडं मागून नेहमीच्या चालीने निघा आणि दुसरीच्या पुढे जाऊन थांबा. मधल्या ६ मीटरला ६ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर चाल मंदावली आहे. चिऱ्याच्या ओबडधोबड वाटेवर ही चाचणी करू नका.

तिसरी पोटरीची. बसून, पाय जमिनीवर ठेवून पोटरीच्या सर्वांत जाड जागी टेप लावा. पुरुषांत ३४ आणि बायकांत ३३ सेंटिमीटरच्या खाली असेल तर स्नायू कमी असण्याची शंका घ्या. पायाला सूज असेल तर हा आकडा फसवतो. त्यासाठी नडगीवर अंगठा दाबा. खळगा राहिला तर सूज आहे, आणि सुजेचं कारण वेगळं शोधावं लागेल.

या तीन मोजमापांसाठीच्या मर्यादा आशियाई लोकांसाठी २०१९ साली ठरवलेल्या आहेत, त्यामुळे त्या आपल्याला बऱ्यापैकी लागू पडतात. तरी खरा उपयोग स्वतःच्याच मागच्या आकड्याशी ताडून बघण्यात आहे. शिमग्याला ९ सेकंद आणि गणपतीला ११, हे १२ च्या आत असलं तरी घसरणच आहे.

आता यामागचं कारण. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांचं जेवण हळूहळू पेज, लोणचं आणि चहा-बटर एवढ्यावर येतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा तर ताटात प्रथिनं जवळजवळ उरतच नाहीत. उतारवयात वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५५ किलोच्या बाईला दिवसाला ५५ ते ६६ ग्रॅम. १०० ग्रॅम मासळीत १८ ते २० ग्रॅम मिळतात, एका अंड्यात ६ आणि ३० ग्रॅम कुळथात ६ ते ७. कुळथाचं पिठलं किंवा कढण, संध्याकाळी अंडं, उसळ असं तिन्ही वेळांत वाटून घ्या. एकाच वेळी पोटभर खाण्यापेक्षा हे बरं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि त्याच बाकड्यावर रोज आठ-दहा वेळा उठबस, दोन फेऱ्या. व्यायामाशिवाय नुसतं खाऊन स्नायू येत नाही.

तीन महिन्यांत मनात नसताना तीन किलो वजन उतरलं तर ‘बारीक झालात, छान’ म्हणून सोडू नका. त्याचं कारण शोधावंच लागतं.

पोटाचा घेर आणि साखर

घेर बेंबीवर नाही, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजायचा. उभं राहून, श्वास सहज सोडल्यावर. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की आतल्या अवयवांभोवती चरबी साठते आहे असं समजा. हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेलं, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण वजनकाट्यावर पकडली जात नाही.

साखर वाढली की ती शरीरातल्या प्रथिनांना चिकटते. वाहिन्यांची भिंत आणि कातडी यांना लवचीक ठेवणारं कोलॅजन हे प्रथिन त्यामुळे कडक होतं, डोळ्याचं भिंग धूसर होतं. मधुमेह्यांना मोतीबिंदू लवकर येतो त्यात याचा हात असतो. उपाशीपोटी, म्हणजे ८ तास काही न खाता, साखर १०० ते १२५ असेल तर मधुमेहाची पूर्वपायरी, १२६ किंवा त्याहून जास्त दोनदा आली तर मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीएवनसीमध्ये ५.७ ते ६.४ ही पूर्वपायरी आणि ६.५ पासून मधुमेह. मात्र अंगात रक्त कमी असेल तर ही चाचणी चकवते; लोहाच्या कमतरतेने ती खोटी वाढलेली दिसू शकते. म्हणून हिमोग्लोबिन सोबत बघा.

काहींची मानेच्या मागची आणि काखेतली कातडी काळपट, जाडसर झालेली असते. लोक ती मळ समजून घासत बसतात. पुष्कळदा ती इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची खूण असते.

मशेरी, सुपारी, धूर

मशेरी ही भाजलेली तंबाखूच. ‘पोट साफ होतं’ म्हणून लावली तरी निकोटिन हिरडीतून रक्तात जातंच आणि नाडी-बीपी वाढवतं. नुसती श्रीवर्धनी सुपारी, तंबाखूशिवाय खाल्ली तरी निर्धोक नाही. सुपारीने तोंडाची आतली कातडी आवळत जाते आणि तिच्यामुळे कर्करोगही होतो.

महिन्यातून एकदा चूळ भरून, कवळी असेल तर काढून, दिवसाच्या उजेडात आरशासमोर बघा. ओठांची आतली बाजू, दोन्ही गाल, टाळू, आणि कापडाने जीभ धरून तिच्या कडा आणि खालची जागा. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेलं तोंड आलेलं, तिखट लागताच आग होणं, यातलं काहीही असेल तर दाखवा. स्वतःची तीन बोटं उभी दातांमध्ये जात नसतील तर तोंड उघडणं कमी झालं आहे.

घरात गॅस आला तरी न्हाणीघरातली चूल बहुतेक ठिकाणी लाकडांवरच आहे, आणि पावसात ओली लाकडं जास्त धुमसतात. या धुराने फुप्फुसं उतरल्याची ओळख सोपी: सकाळचा खोकला महिनोन्‌महिने टिकतो, आणि जी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, एका दमात चढत होता तिच्यावर आता थांबावं लागतं. कुठल्या पायरीला थांबता ते वहीत लिहा. पायरी खाली येत गेली तर फुंकून करायची स्पायरोमेट्री चाचणी करून घ्या, आणि हृदयही तपासा. चढताना छातीत आवळल्यासारखं झालं, किंवा तोंड वाकडं होणं, एका हाताची शक्ती जाणं असं काही झालं तर वही राहू दे, १०८ ला फोन करा.

कान, डोळे, उंची, झोप

कानांकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. ट्रॉलरच्या इंजिनाजवळ काम केलेल्यांचे कान लवकर उतरतात. ऐकू न येणं उपचाराविना राहिलं तर स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो. हात पोहोचेल एवढ्या अंतरावर माणसाच्या मागे उभे राहा, त्याला एक कान बोटाने बंद करायला सांगा, श्वास सोडून कुजबुजत चार शब्द म्हणा: नारळ, होडी, कोयता, पाऊस. चारही आले नाहीत तर तपासणी हवी. दुसऱ्या कानाला शब्द बदला.

डोळे एकेक झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचून बघा. दोन्ही उघडे असताना एकाची उणीव दुसरा झाकून टाकतो.

तरुणपणापेक्षा उंची ४ सेंटिमीटर किंवा जास्त घटली असेल तर मणके दबल्याची शंका घ्या आणि हाडांची घनता तपासा. झोपेत घोरता घोरता श्वास थांबत असेल तर ते घरच्यांनाच कळतं. अशांचं बीपी पुष्कळदा गोळ्यांनी नीट उतरत नाही.

रक्त तपासताना काय मागायचं

वर्षातून एकदा सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची मोजणी), उपाशीपोटी साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), एसजीओटी-एसजीपीटी (यकृतासाठी), आणि बीपी किंवा साखर असेल तर लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन. अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण ३० च्या पुढे गेलं तर गाळणी गळायला लागली आहे. तेव्हा क्रिएटिनिन अजून ठीक दिसत असतं. सांधेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या डायक्लोफिनॅकच्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला जड जातात, त्या रोज खाणाऱ्यांनी हे नक्की बघावं.

‘तुमचं खरं वय’ सांगणाऱ्या महागड्या चाचण्यांवर पैसे घालवू नका. डीएनएवरच्या खुणा वाचून वय काढायची पद्धत २०१३ पासून चांगलीच गाजली आणि संशोधनात तिला जागा आहे. पण एकाच रक्तावर वेगवेगळी गणितं वेगवेगळं वय देतात, आणि आलेल्या आकड्यावरून कुठली गोळी सुरू करायची हे त्यातून ठरत नाही. १३५/८५ वरून ते ठरतं.

तिशीपुढच्या सगळ्यांची बीपी, साखर आणि तोंडाची तपासणी गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरात, मोफत होते. आशाताई त्याआधी एक फॉर्म भरून घेतात: वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, हालचाल आणि घरातले आजार यांचे गुण. चारच्या पुढे गुण गेले तर तपासणीत आधी नंबर लागतो. सासूबाईंसमोर मशेरी कशी सांगायची म्हणून बायका तिथे ‘नाही’ लिहितात, आणि माडी घेणारे ‘कधीतरी’ म्हणतात. फॉर्म भरताना आशाताईंना पडवीत वेगळं घेऊन बसा आणि वहीतले आकडेही त्यांना दाखवा.