कोल्हापूरच्या अंगणात लिली आणि लसूण: एकाच कुळातली झाडे कशी लावावीत

दारातल्या कुंडीत फुलणारी लाल लिली आणि डंकावर कुटलेल्या चटणीतला लसूण एकाच कुळातले आहेत. या कुळाचं शास्त्रीय नाव अमॅरिलिडेसी. कांदा-लसणाचं कुळ पूर्वी वेगळं धरत. २००९ च्या वर्गीकरणात ते यात सामील झालं. निशिगंध मात्र यातला नाही. दिसायला लिलीसारखा असला तरी तो घायपाताच्या नात्यातला.

या नात्याचा बागेत खरा उपयोग आहे. या झाडांचा कांदा म्हणजे मूळ नव्हे. पानांचे बुडखे फुगून, एकमेकांवर बसून झालेला तो साठा आहे. त्यामुळे फूल हवं असो वा गड्डा, पोसायचं पानाला. आणि कोल्हापुरात हा साठा उपासमारीने क्वचितच मरतो. तो मरतो आषाढ-श्रावणात बुडाशी पाणी साचून. म्हणून सुरुवात मातीपासून.

निचरा आधी, रोप नंतर

जिथे लावायचं तिथे एक फूट खोल खड्डा घ्या आणि पाण्याने भरा. ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार तासांत खाली गेलं तर जमीन चालेल. रात्रभर तसंच राहिलं, तर तिथे गादीवाफा केल्याशिवाय काही लावू नका.

पंचगंगेच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीत बहुतेक वेळा हेच होतं. वाफा १ मीटर रुंद आणि १५ ते २० सेंटीमीटर उंच करा. माती दोन घमेली, कुजलेलं खत एक घमेलं, जाड वाळू किंवा बारीक मुरूम एक घमेलं असं मिश्रण ठेवा. राधानगरी, गगनबावड्याकडच्या तांबड्या मातीत निचरा बरा असतो, पण पाऊस कितीतरी जास्त आणि पावसाबरोबर अन्नद्रव्यंही वाहून जातात. तिथे वाफा फूटभर उंच करा आणि खत दीडपट घाला.

साखर कारखान्याच्या प्रेसमडचं, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळाचं, खत आपल्याकडे सहज मिळतं, पण ते पूर्ण कुजलेलं हवं. मुठीत घेतल्यावर गार लागलं, काळं भुसभुशीत दिसलं आणि आंबूस वास नसला, तरच वापरा. कच्चं शेण किंवा गरम प्रेसमड कांद्याच्या बुडाला लागलं की सड तिथूनच सुरू होते.

पुराचं पाणी येणाऱ्या भागात लिलीचे कांदे जमिनीत लावूच नका, कुंडीत लावा. २०१९ आणि २०२१ सारखा पूर आला तर कुंडी उचलून माडीवर नेता येते. आठवडाभर पाण्याखाली राहिलेला कांदा बहुधा वाचत नाही.

लाल लिली: कुंडीत लावायची पद्धत

नर्सरीत ‘अमॅरिलिस’ म्हणून मिळते ती बहुतेक वेळा दक्षिण अमेरिकेतली हिपिअ‍ॅस्ट्रम असते. खरी अमॅरिलिस दक्षिण आफ्रिकेतली, ती आपल्याकडे क्वचित दिसते. खाली जे सांगितलं आहे ते हिपिअ‍ॅस्ट्रमचं.

१. कांदा दाबून पाहा. घट्ट आणि वजनदार हवा. घेर २० सेंटीमीटरच्या आसपास असेल तर पहिल्याच हंगामात फुलाची आशा धरता येते. लिंबाएवढा कांदा एक-दोन वर्षं नुसती पानंच देतो.

२. एका कांद्याला ५ ते ६ इंची कुंडी पुरे. कांदा आणि कुंडीची कड यांत दोन-तीन सेंटीमीटरच जागा ठेवा. मोठ्या कुंडीत मुळांनी न व्यापलेली माती ओली राहते आणि कांदा कुजतो. या झाडाला अडचणीतच राहायला आवडतं.

३. कुजलेली मुळं काढा, पांढरी जाड मुळं राहू द्या. बुडाला डाग असेल तर निरोगी भाग लागेपर्यंत धारदार सुरीने कापा आणि जखम दोन दिवस सावलीत सुकू द्या.

४. कांद्याचा वरचा तिसरा भाग ते निम्मा भाग मातीबाहेर ठेवा. सर्वात जास्त चूक इथे होते. मान मातीत गाडली की पावसाचं पाणी पानांच्या बेचक्यात साचतं.

५. एकदा भरपूर पाणी द्या. मग कोंब दिसेपर्यंत माती सुकल्याशिवाय पाणी नको.

फूल मार्च ते मेमध्ये येतं. कोमेजलेली फुलं खुडा म्हणजे बी धरण्यात ताकद जाणार नाही, पण हिरवा दांडा पिवळा पडेपर्यंत ठेवा. तोही पानासारखाच अन्न तयार करतो. खरं काम यानंतर सुरू होतं. साधारण चार पानांमागे कांद्याच्या पोटात एक कळी धरते. म्हणजे पुढच्या वर्षीची फुलं यंदाच्या पानांवर ठरतात. फुलं संपली म्हणून पानं कापली किंवा त्यांच्या वेण्या घालून बांधली, तर पुढच्या वर्षी रिकामी कुंडी बघावी लागते.

जूनपासून रोज चार-पाच तास सकाळचं ऊन मिळेल अशी, पण वळचणीची धार पडणार नाही अशी जागा द्या. पंधरा दिवसांतून एकदा १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला २ ग्रॅम, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याऐवजी १३:०:४५ तेवढ्याच प्रमाणात. नुसता युरिया दिला तर पानं लांबलचक होतात, कांदा मऊ राहतो.

नोव्हेंबरच्या मध्यापासून पाणी हळूहळू बंद करा आणि कुंडी पडवीत ठेवा. आठ ते दहा आठवडे कोरडी विश्रांती हवी. पानं आपणहून पिवळी झाली तर काढा. हिरवी राहिली तर राहू द्या, काही संकरित जातींची पानं पूर्ण जात नाहीत. बाजूची पिल्लं सोडवायची तर याच काळात, आणि तीही तीन-चार वर्षांतून एकदाच. जानेवारीअखेर वरची दोन इंच माती बदलून त्यात मूठभर गांडूळखत घाला. कोंबाचं टोक दिसलं की पाणी सुरू.

वळवाची लिली

झेफिरँथेस म्हणजे पांढरी, गुलाबी, पिवळी छोटी लिली. एप्रिल-मेमध्ये वळीव पडून गेला की चार-पाच दिवसांत जमिनीतून फुलंच वर येतात. हिला फुलवणारी गोष्ट नुसतं पाणी नव्हे. कोरड्यानंतर आलेलं पाणी. रोज थोडं-थोडं पाणी देणाऱ्यांची लिली गवतासारखी वाढते आणि फुलत नाही.

१० इंची पसरट कुंडीत १० ते १२ कांदे, ३ ते ५ सेंटीमीटर खोल आणि दोन कांद्यांत चार बोटं अंतर. एकटा-दुकटा कांदा शोभत नाही, दाटीच हवी. वळीव हुकला तर उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे पाणी तोडा आणि मग कुंडी तुडुंब भिजवा. हा ताण एका हंगामात दोन-तीनदा देता येतो. मात्र दर ताणानंतर पानं ताजी होऊ द्या.

इतर शोभेच्या जाती

फुटबॉल लिलीचा लाल गोळा मे-जूनमध्ये एकदाच येतो, एका कांद्याला एकच. टोक जमिनीच्या पातळीला ठेवून लावा आणि वर्षानुवर्षं हलवू नका. हिवाळ्यात पान नाहीसं होतं तेव्हा ‘मेली’ समजून कुंडी उपसली जाते, म्हणून जागेवर काडी रोवून ठेवा. स्पायडर लिली सर्वात सोशिक. ओलसर जागाही चालते, दोन झाडांत दीड फूट सोडा. नागदवणा म्हणून मिळणारा क्रायनम मोठा होतो, त्याला तीन फूट जागा द्या. नार्सिसस म्हणजे डॅफोडिल विकत आणून एकदा फुलतो, पण पुन्हा फुलायला लागणारी दीर्घ थंडी कोल्हापूरच्या हिवाळ्यात नाही. त्यावर पैसे घालू नयेत.

लसूण: दसऱ्यानंतर लावायचा, चटणीला तयार ठेवायचा

ऑक्टोबरमध्ये लावलेला लसूण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो आणि उन्हाळ्यात कांदा-लसूण चटणी करायच्या वेळी नेमका सुकलेला असतो. नोव्हेंबरच्या मध्यानंतर उशीर करू नका. गड्डा भरायच्या आधीच ऊन तापतं आणि पाकळ्या बारीक राहतात.

बियाणं निवडणं हे निम्मं काम. बाजारात टपोऱ्या पाकळ्यांचा हिमाचली लसूण मिळतो, तो लावायला नको. गड्डा धरायला त्याला मोठा दिवस लागतो. आपल्याकडे जूनमधला सर्वात मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आतच, आणि लसूण तर हिवाळ्यात वाढतो. त्याची पात येते, गड्डा येत नाही. गोदावरी, श्वेता, फुले नीलिमा, किंवा राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या भीमा ओंकार, भीमा पर्पल या जाती घ्या. परसात वर्षानुवर्षं टिकलेला गावठी लसूण असेल तर तोही उत्तम.

१ मीटर रुंद आणि ३ मीटर लांब वाफ्याचा हिशेब असा. १५ × १० सेंटीमीटर अंतराने २०० पाकळ्या बसतात, म्हणजे साधारण १२ ते १५ गड्डे बियाणं. गड्डे लावायच्या दिवशीच फोडा आणि बाहेरच्या जाड पाकळ्या घ्या. आतल्या बारीक पाकळ्या कुंडीत लावून पात खा. वाफ्यात ६ किलो कुजलेलं खत, सुमारे ९५ ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट, २५ ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश आणि ३० ग्रॅम युरिया मिसळा. सुपर फॉस्फेट मुद्दाम, कारण त्यात गंधक असतं आणि लसणाचा तिखटपणा व वास गंधकाच्या संयुगांतूनच येतो.

पाकळी टोक वर, बूड खाली, २ ते ३ सेंटीमीटर खोल. आडवी पडली तर मान वाकडी होते. उगवल्यावर उसाच्या पाचटाचा पातळ थर ओळींमध्ये पसरा. ओल टिकते, तण कमी येतं. तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवशी प्रत्येकी १७-१८ ग्रॅम युरिया द्या. दोन महिन्यांनंतर युरिया अजिबात नको. उशिरा नत्र दिलं की माना जाड होतात, पाकळ्यांना वाफ्यातच कोंब फुटतात आणि असा लसूण टिकत नाही.

पाणी आठ-दहा दिवसांनी, वरची माती सुकली की. मुळं उथळ असतात, म्हणून खुरपं दोन बोटांपेक्षा खोल घालू नका. पात पिवळी पडून कलायला लागली की पाणी तोडा आणि दहा-बारा दिवसांनी काढा. जास्त थांबलात तर वरचं साल फाटून पाकळ्या सुट्या होतात. पातीसकट जुड्या बांधून हवेशीर सावलीत टांगा. चांगल्या निगराणीत एवढ्या वाफ्यातून ३ किलोच्या आसपास लसूण मिळायला हरकत नाही.

कांदा

रब्बी कांद्याचं तरू, म्हणजे लावणीची रोपं, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाका. तेवढ्याच वाफ्याला २ ग्रॅम बी पुरतं, पण ते यंदाचंच हवं. कांद्याचं बी वर्षभरात उगवण गमावतं. बी बोटभर अंतराच्या ओळींत एक सेंटीमीटर खोल पेरा. फोकून टाकलं तर तरू दाट होतं आणि मर लागते. सात-आठ आठवड्यांचं तरू १५ × १० सेंटीमीटरवर लावा. एन-२-४-१, भीमा शक्ती, भीमा किरण या रब्बीच्या जाती. परदेशी पाकिटातलं बी टाळा, कारण तेच: दिवसाची लांबी.

तरू फार जुनं झालं किंवा ऐन थंडीत सापडलं तर डेंगळे येतात, म्हणजे फुलाचा दांडा निघतो. डेंगळा मोडल्याने तो कांदा सुधारत नाही. उपटून भाजीला वापरा. निम्म्या माना पडल्या की काढणी करा. तीन दिवस पातीसकट वाफ्यावर, एकाची पात दुसऱ्यावर येईल असे ठेवा. मग दोन सेंटीमीटर मान ठेवून पात कापा आणि दहा-बारा दिवस सावलीत सुकवा. मान अगदी बुडाशी कापली की साठवणीतली सड तिथून आत शिरते.

काय बिघडतं

जून ते सप्टेंबरमध्ये लिलीवर काळ्या, पांढऱ्या-केशरी ठिपक्यांच्या अळ्या येतात. दोन दिवसांत पान जमिनीपर्यंत संपवतात आणि मानेतून कांद्यातही शिरतात. रोज संध्याकाळी पानाची खालची बाजू पाहा आणि अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका. सोबत निंबोळी तेल ५ मिली, साबणाचं थोडं पाणी आणि १ लिटर पाणी अशी फवारणी. पण वेचणीला पर्याय नाही.

लिलीच्या पानांवर, दांड्यावर लालभडक चट्टे आले आणि दांडा वाकडा झाला तर ती बुरशी. बिघडलेला भाग कापा, पानावर पाणी पडू देऊ नका, कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला २.५ ग्रॅम फवारा आणि सुरी दुसऱ्या कुंडीला लावण्याआधी स्पिरिटने पुसा.

कांदा-लसणाच्या पातीवर पांढुरके चट्टे दिसले आणि पात वळली तर पोंग्यात, म्हणजे पातीच्या मधल्या बेचक्यात, फुलकिडे शोधा. ढगाळ हवेत जांभळट मध्याचे लांबट डाग म्हणजे करपा. त्या दिवसांत पाणी सकाळी आणि मुळाशीच द्या.

खाण्याचं आणि न खाण्याचं वेगळं ठेवा

लिली, स्पायडर लिली, नागदवणा यांच्या कांद्यांत लायकोरिनसारखी विषारी अल्कलॉइड असतात. खाल्लं तर उलट्या-जुलाब होतात. शिजवूनही तो कांदा खाण्याजोगा होत नाही. पानं सुकल्यावर यांचा कांदा स्वयंपाकाच्या कांद्यासारखाच दिसतो, म्हणून दोन्ही एका वाफ्यात लावू नका आणि काढलेले कांदे एका टोपलीत ठेवू नका. शंका आली तर पान चुरगाळा: कांदा-लसणाचा उग्र वास आला नाही तर तोंडात घालू नका. कुणी चुकून खाल्लंच तर उरलेला कांदा सोबत घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा. कुत्र्या-मांजरांना मात्र कांदा-लसूणही घातक, त्यामुळे पाळीव जनावर असलेल्या घरात दोन्ही वाफ्यांना जाळी लावा. लिलीचे कांदे विश्रांतीसाठी उपसले तर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर नाव, रंग आणि ‘खाण्याचा नाही’ असं ठळक लिहा.