अपंगत्व पेन्शनचं अपील: काळ्या पेटीपासून मुंबईच्या तारखेपर्यंत

फौजीची अपंगत्व पेन्शन नामंजूर झाली असेल तर सगळ्यात आधी काळी पेटी उघडा. आमच्या बुलढाणा-वाशीमकडच्या खेड्यांत फौजीच्या घरी ती असतेच, झाकणावर पांढऱ्या रंगानं नंबर आणि नाव घातलेली. माझ्या मोठ्या काकांची पेटी काढली तेव्हा ते म्हणाले, "आता कायले काढतं बाप्पा ते सारं?" वर स्वेटर, खाली मेडल आणि तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत कागद, एका कडेनं उधईनं खाल्लेले. त्यातून चार कागद वेगळे काढायचे: डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), मेडिकल बोर्डाचे, म्हणजे फौजेच्या डॉक्टरांच्या मंडळाचे कागद आणि क्लेम नामंजूर झाल्याचं पत्र. सापडले की त्याच दिवशी मोबाइलवर फोटो घ्या, तालुक्याला जाऊन दोन-दोन झेरॉक्स काढा. मूळ प्रत ओळखीच्या माणसाच्याही हातात देऊ नका. काकांचं एक पत्र "साहेबाला दाखवून आणतो" म्हणून एकानं नेलं होतं, ते आजवर परत आलेलं नाही.

नामंजुरीचं पत्र हातात आलं की आधी त्यावरची तारीख बघा, कारण पहिल्या अपिलाला सहा महिन्यांची मुदत असते. मग त्यात काय कारण दिलंय ते शोधा. बहुतेक पत्रांत 'neither attributable nor aggravated' असं इंग्रजी वाक्य असतं, फौजी लोक त्याला थोडक्यात 'नाना' म्हणतात. अर्थ असा की आजार नोकरीमुळे झाला नाही आणि नोकरीमुळे वाढलाही नाही. काही पत्रांत अपंगत्व २० टक्क्यांपेक्षा कमी असल्याचं लिहिलेलं असतं. हे दोन वेगळे मुद्दे आहेत, त्यांची उत्तरंही वेगळी. पत्रात जे कारण आहे त्यालाच उत्तर द्या. काकांच्या पहिल्या अपिलात आम्ही दोन पानं त्रासाचं वर्णन लिहिलं: चक्कर येते, शेतात उभं राहवत नाही, औषधाला पैसा पुरत नाही. सगळं खरं होतं. पण 'नाना'बद्दल आम्ही एक अक्षर लिहिलं नव्हतं, आणि अपील फेटाळलं गेलं.

त्यामुळे सगळ्यात जास्त वेळ मेडिकल बोर्डाच्या कागदाला द्या. आजार सेवेमुळे झाला का, सेवेत वाढला का, याचं हो-नाही तिथं असतं आणि पुढे बोर्डानं दिलेलं कारण. काकांच्या कागदावर उच्च रक्तदाबापुढे एवढंच होतं की आजार पीस स्टेशनला, म्हणजे सरहद्दीपासून दूरच्या शांत ठिकाणी सुरू झाला. आता वहीत एक तक्ता आखा: साल, युनिट, ठिकाण, फील्ड की पीस, आणि त्या काळात काय दुखलं-खुपलं. हा तक्ता एका बैठकीत होत नाही. संध्याकाळी ओट्यावर बसवून हळूहळू विचारा. तिसऱ्या दिवशी काका सहज बोलून गेले, "राजौरीले होतो तवा डोकं लय दुखे. एमआय रूमचा डॉक्टर गोया दे." एमआय रूम म्हणजे युनिटचा दवाखाना, आणि जम्मू-काश्मीरमधल्या राजौरीची ती दोन वर्षं पीस पोस्टिंगच्या आधीची होती. आमचं दुसरं अपील या एका वाक्यावर उभं राहिलं.

पण बोलण्याला कागदाची साथ लागते. भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, दवाखान्यात भरती झाल्याच्या नोंदी आणि मेडिकल बोर्डाची पूर्ण कार्यवाही, हे सगळं माहिती अधिकारात रेकॉर्ड ऑफिसकडे मागा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. रेकॉर्ड ऑफिस रेजिमेंटप्रमाणे असतं: गार्ड्सचं कामठीला, महारचं सागरला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला. अर्जात नाव डिस्चार्ज बुकात आहे तसंच लिहा. आधारवर वडिलांचं नाव मध्ये आणि फौजेत नुसतं नाव-आडनाव, असं आपल्याकडे घरोघरी आहे. जुने कागद मुदत संपल्यावर नष्टही करतात, म्हणून हे काम सोयाबीन निघेपर्यंत लांबवू नका.

कायद्यातलं एवढं तरी अपील लिहिणाऱ्याला माहीत हवं. धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान धडधाकट होता असं धरायचं. आजाराचा सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करायची जबाबदारी जवानावर नाही, आणि शंका असेल तर फायदा त्याला. म्हणूनच भरतीचा कागद मोलाचा. पण नुसतं या निकालाचं नाव लिहून भागत नाही. २०१९ च्या नरसिंग यादव प्रकरणात त्याच न्यायालयानं भरतीच्या वेळी नोंद नव्हती एवढ्यावर स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराची पेन्शन द्यायला नकार दिला. बोर्डानं नीट कारण दिलं असेल तर ते खोडून काढावं लागतं. आणखी एक: २१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम लागू आहेत, त्यांनी जुन्या निकालांवर आंधळेपणानं विसंबू नये.

पहिलं अपील फेटाळलं तर दुसरं, तेही सहा महिन्यांत. उशीर झालाच असेल तर कारण खरं आणि तारखांसह लिहा. सगळं स्पीड पोस्टानं पाठवा. पोस्टाच्या पावतीची शाई वर्षभरात उडते, म्हणून तिचीही झेरॉक्स काढून वहीत चिकटवा. सहा महिने उत्तरच आलं नाही तरी सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा रस्ता खुला होतो, आणि तेव्हा अपील कधी पाठवलं हे त्या पावतीवरूनच दाखवता येतं.

हे न्यायाधिकरण २००७ च्या कायद्यानं झालं. महाराष्ट्रासाठीचं खंडपीठ मुंबईत आहे. एक न्यायिक सदस्य आणि एक फौजेतले निवृत्त वरिष्ठ अधिकारी मिळून प्रकरण ऐकतात. तुमचे आजचे रिपोर्ट तिथं दुय्यम ठरतात, त्या वेळच्या बोर्डानं काय लिहिलं आणि का, हे बघितलं जातं. पूर्ण अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, आणि कमी असेल तर त्या प्रमाणात, असा हिशेब असतो. पण २० ते ४९ टक्के अपंगत्व ५० धरलं जातं. २०१४ च्या राम अवतार निकालानं हा फायदा मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही दिला. अर्जात तो स्पष्ट मागा. फार उशिरा गेलात तर थकबाकी बहुधा अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच हाती येते, हे २००८ च्या तरसेम सिंग निकालापासून चालत आलंय. फौजी वारला असेल तर त्याची पत्नी दावा पुढे नेऊ शकते, त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि पीपीओवर तिचं नाव बरोबर आहे का ते बघा.

वकील लावण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन या, तिथं मार्गदर्शनाचे पैसे लागत नाहीत. थकबाकीतला हिस्सा मागणारे एजंट गावात येतात. कोऱ्या कागदावर अंगठा किंवा सही देऊ नका, आणि घरच्या बाईकडूनही देववू नका.

तारखेला जायचं तर अकोल्याहून रात्रीची विदर्भ एक्सप्रेस सोयीची. पिशवीत मूळ डिस्चार्ज बुक, तक्त्याची वही, बीपीच्या गोळ्या, चष्मा आणि दशम्या. वही काकांनी स्वतःजवळ ठेवलीय, उशाशी.