स्टीपलचेस शिकताना: अडथळ्याआधीची पाच पावलं

३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत धावायच्या शर्यतीत, २८ साधे अडथळे आणि ७ पाण्याचे, मिळून ३५ वेळा पाय उचलावा लागतो. दर वेळी एक सेकंद सांडला तरी शेवटी ३५ सेकंद गेले. बर्मिंगहॅमच्या २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या अविनाश साबळेला ८:११.२० वेळेत रौप्य मिळालं आणि सुवर्ण होतं ८:११.१५ला, म्हणजे फरक पाच शतांश सेकंदांचा. हा हिशेब डोक्यात ठेवूनच सरावाला लागा.

नवख्याला वाटतं की उडी मारताना, हवेत असताना वेळ जातो. तसं नसतं. वेळ जातो तो अडथळ्याआधीच्या चार-पाच पावलांत. अडथळा जवळ आला की पाय बिचकतात, पावलं तोकडी पडतात, वेग मरतो, आणि मग मेलेल्या वेगातून उंच उडी मारावी लागते. पलीकडे उतरल्यावर पुन्हा शून्यातून जोर लावायचा. असं ३५ वेळा झालं की पोटऱ्या संपतात.

आधी पाया, मग अडथळा

स्टीपलचेसकडे थेट येऊ नका. साबळे सैन्यात क्रॉस कंट्री धावत होता, तिथून २०१७च्या सुमारास या प्रकाराकडे वळला आणि २०१८मध्ये भुवनेश्वरला ८:२९.८० वेळ देऊन गोपाळ सैनी यांचा १९८१पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. ललिता बाबर तर मॅरेथॉनमधून आली. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत २०१२ ते २०१४ सलग तीनदा पहिली, आणि २०१६च्या रिओ ऑलिम्पिकला स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत ९:१९.७६. दोघांकडे दमाचा साठा आधीच होता, त्यावर तंत्र चढवलं. उलटं केलं, तर चौथ्या फेरीत दम तुटतो आणि दम तुटला की तंत्र राहतच नाही.

आठवड्याला ५०-६० किलोमीटर धावणं अंगात मुरलेलं असावं आणि ५००० मीटर शेवटपर्यंत एका लयीत जमत असावं. मग पुढचं वाचा.

पहिला महिना: मोकळी कंबर, बुटका अडथळा

पहिले चार आठवडे खऱ्या अडथळ्याला हात लावायचा नाही. साधे हर्डल ६० सेंटीमीटरवर लावा, पाच-सहा एका रांगेत, आणि चालत ओलांडा. पुढचा पाय सरळ वर, मागच्या पायाचा गुडघा बाजूने काखेकडे, पंजा वर ओढलेला. दहा फेऱ्या, आठवड्यातून तीनदा, वॉर्मअपनंतर. मग तेच हळू धावत.

दोन्ही पायांनी ओलांडायला शिका. १०० किंवा ११० मीटर हर्डलमध्ये दोन अडथळ्यांमधली पावलं मोजून ठेवता येतात. इथे दोन अडथळ्यांमध्ये साधारण ८० मीटरचं अंतर असतं, पुढे-मागे माणसं असतात, कोण कधी आडवा येईल सांगता येत नाही. कोणता पाय आधी येणार हे अडथळाच ठरवतो. ज्याला फक्त उजवाच पाय पुढे टाकता येतो, तो अर्ध्या वेळा पावलं तोडतो.

साधा अडथळा

पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंटीमीटर उंच, महिलांचा ७६.२. वरची दांडी १२.७ सेंटीमीटर चौकोनी, वजन ८० ते १०० किलो. हा हर्डलसारखा पडत नाही. पडाल ते तुम्हीच. पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत जागतिक विक्रमवीर लामेचा गिर्मा शेवटच्या फेरीत अडथळ्याला अडखळून कोसळला, त्यामुळे हे फक्त नवख्यांचं दुखणं समजू नका.

चुन्याने दीड मीटरवर एक रेघ मारा. उड्डाणाचा पाय साधारण तिथे, जास्तीत जास्त १.८ मीटरवर पडला पाहिजे. फार जवळून उडलात तर वर जावं लागतं, फार लांबून उडलात तर मागचा गुडघा दांडीवर आपटतो. नजर १५-२० मीटर आधीच दांडीवर, आणि शेवटच्या पाच पावलांत वेग किंचित *वाढवायचा*. मनाला हे पटत नाही, म्हणून रोज सांगावं लागतं. डोकं वर उसळू देऊ नका. बाजूने मोबाइलवर चित्रण करा. डोक्याची रेष दांडीपाशी डोंगरासारखी दिसली तर उडी फार उंच आहे. उतरताना पंजावर, शरीर पायाच्या वर. टाचेवर उतरलात तर तो ब्रेक समजा.

गावाकडे खरा अडथळा मिळत नाही, मातीच्या मैदानावर पाण्याचा खड्डा तर नाहीच. सुताराकडून पाच इंच जाडीची चौकोनी दांडी आणि दोन्ही बाजूंना जमिनीवर आडवे टेकणारे सव्वा ते १.४ मीटर लांबीचे पाय करून घ्या, पायांवर वाळूच्या गोण्या ठेवा. दांडीच्या कडा रंधून किंचित गोल करा, नाहीतर नडगी सोलून निघेल. हलका अडथळा करू नका. डगमगणारा अडथळा खोटा धीर देतो.

पाण्याचा अडथळा

प्रत्येक फेरीत पाच अडथळे, त्यातला चौथा पाण्याचा. खड्डा ३.६६ मीटर लांब, अडथळ्यापाशी ५० सेंटीमीटर खोल आणि पुढे चढत जमिनीला मिळणारा. म्हणजे जितकं लांब उतराल तितकं पाणी कमी.

इथे दांडीवर पाय ठेवणं चालतं, आणि बहुतेकांनी ठेवावाच. पंजाचा मधला भाग दांडीवर, गुडघा वाकलेला, बसल्यासारखं खाली. उभं राहायचं नाही. अंग दांडीच्या पुढे गेल्यावरच पायाने दांडी मागे ढकला, म्हणजे अंग वर नव्हे, पुढे जातं. एक पाय काठाच्या ३०-४० सेंटीमीटर आधी उथळ पाण्यात, दुसरा थेट कोरड्या ट्रॅकवर. दोन्ही पाय एकत्र पाण्यात पडले तर वेग संपलाच.

सराव वाळूत करा. लांब उडीच्या खड्ड्यापुढे अडथळा ठेवा, पलीकडे तीन मीटरवर रेघ मारा आणि ती ओलांडायचा प्रयत्न करा. एका वेळी सहा-आठ उड्या, आठवड्यातून एकदाच. यात हावरटपणा केला की एकाच पायावर आदळून गुडघा, टाच आणि पोटरी बोलायला लागतात. मोनॅकोला जुलै २०२५मध्ये साबळेचा तोल गेला तो पाण्याच्या अडथळ्यावरच. गुडघ्याच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया करावी लागली. दमल्यावर पाय दांडीवर नीट न टेकणं हा सगळ्यात मोठा धोका, म्हणून वाळूचा सराव सुरुवातीला ताज्या पायांनी, आणि दोन महिन्यांनंतरच वर्कआउटच्या शेवटी.

स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) पाणी सोडणारे जाळीदार हवेत. मोजे नकोत, ओले मोजे फोड आणतात.

वर्कआउट

समजा मुलाचं लक्ष्य ९:३० आहे. म्हणजे ४०० मीटरला ७६ सेकंद. अडथळ्यांसह ८ वेळा ४०० मीटर, प्रत्येकी ७६ सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. हे तीन आठवडे जमलं की ४ वेळा १००० मीटर, ३:१०ला, मध्ये तीन मिनिटं. मग अवघड पाठ: आधी ८०० मीटर सपाट, जोरात, २:२८ला, लगेच दोन फेऱ्या अडथळ्यांसह. शर्यतीच्या शेवटच्या किलोमीटरला पाय कसे होतात ते इथे कळतं.

अडथळ्यांचं काम आठवड्यातून दोनदा, त्याहून जास्त नको. उरलेल्या दिवशी एक लांब दौड (१५-१८ किलोमीटर), एक लयीची दौड, बाकी हलकं. एकाच प्रकारात अडकू नका. साबळेनेही स्टीपलचेसखेरीज नोव्हेंबर २०२०मध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन १:००:३०ला पळून दाखवली आणि २०२२मध्ये ५००० मीटर १३:२५.६५ला पळून बहादूर प्रसाद यांचा तीस वर्षांचा राष्ट्रीय विक्रम काढला. सपाट ५००० सुधारलं तर स्टीपलचेस आपोआप खाली येतं. एका मोसमात पाच-सहा स्टीपलचेस पुरेत.

शर्यतीत

पाण्याचा खड्डा ट्रॅकच्या आतल्या बाजूला असेल तर सुरुवातीच्या सव्वादोनशे मीटरच्या आसपास अडथळा नसतो, आणि तिथेच सगळे आतल्या कडेला घुसतात. पहिल्या अडथळ्यावर १५ जणांच्या मागे आत सापडलात तर दांडी दिसतच नाही. थोडं बाहेर राहा. अडथळा जवळजवळ चार मीटर रुंद असतो. बाहेरून दोन-तीन मीटर जास्त धावलेलं परवडतं, आंधळी उडी परवडत नाही.

दांडीला हात लावला तरी चालतं. पाण्याचा अडथळा चुकवून बाजूने गेलात तर बाद. चुकलंच तर मागे फिरून तो ओलांडा. २०१७च्या लंडन जागतिक स्पर्धेत केनियाची बियाट्रिस चेपकोएच पहिल्याच पाण्याच्या अडथळ्याला बाजूने निघून गेली, परत फिरली, ओलांडला, आणि तरी चौथी आली. पडलात तरी घाईने उठून लगेच वेग पकडू नका; पुढचा अडथळा ८० मीटरवर आहे, तोवर पावलं सावरून घ्या, नाहीतर तिथेही पडाल.