राजधान्या पाठ करून घेऊ नका, नकाशावर बसवा

माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या सहावीच्या मुलांना राजधान्या घडाघडा येतात. 'आसाम दिसपूर, ओडिशा भुवनेश्वर' असं एका दमात म्हणतात. पण मधेच थांबवून "दिसपूर दाखव बरं" म्हटलं की बोट नकाशावर नुसतं फिरत राहतं. एवढं पाठांतर वाया जाताना बघून मला फार वाईट वाटतं, म्हणून मी पद्धतच बदलली.

स्टेशनरीच्या दुकानातून भारताचे चार-पाच नकाशा आराखडे आणा, राज्यांच्या सीमा असलेले. लाल, निळी, हिरवी अशा तीन पेन्सिली घ्या. लाल टिंब आजच्या राजधानीला, निळं जुन्या राजधानीला. हिरव्याचं पुढे सांगते.

सुरुवात आपल्या गावापासून करा. आम्ही नागपूरचे, त्यामुळे मी रेल्वे स्टेशनपासून निघते. इथे चारही दिशांचे रूळ एकमेकांना छेदतात, तो डायमंड क्रॉसिंग. उत्तरेला निघालात तर भोपाळ, पूर्वेला रायपूर, दक्षिणेला हैदराबाद, पश्चिमेला मुंबई. चार लाल टिंबं पहिल्या दहा मिनिटांत लागतात आणि मूल ती विसरत नाही, कारण यातल्या एखाद्या गाडीत ते बसलेलं असतं. तुम्ही कोल्हापूरचे असाल तर पणजी आणि बंगळूरूपासून निघा.

मग नागपूरवर निळं टिंब द्यायला सांगा. गेल्या वर्षी एका मुलीने पेन्सिल तशीच हवेत धरून विचारलं, "बाई, आपलं नागपूर राजधानी होतं?" होतं. 1956 पर्यंत जुन्या मध्य प्रदेशची राजधानी नागपूरच होती. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात आला आणि नव्या मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ झाली. 1953 च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे होतं. डिसेंबरात सिव्हिल लाइन्सचे रस्ते का अडवतात, हे त्या मुलीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. हा क्षण घाईत उरकू नका, भरपूर बोलू द्या.

पुढची राज्यं अक्षरक्रमाने घेऊ नका, गोष्टीने घ्या. रायपूर, डेहराडून, रांची एकत्र: तिन्ही राज्यं नोव्हेंबर 2000 मधली, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आणि बिहारमधून निघालेली. मग हललेल्या राजधान्या: कटकहून भुवनेश्वर, अहमदाबादहून गांधीनगर, शिलाँगहून दिसपूर. शिलाँगवर दोन्ही रंग येतात, कारण 1972 मध्ये मेघालय वेगळं राज्य झालं आणि शिलाँग त्याच्याकडे राहिलं. दिसपूर म्हणजे गुवाहाटीचाच एक भाग, हेही तेव्हाच सांगा. चंदीगड एकच टिंब, पण पंजाब आणि हरियाणा दोघांचं, आणि स्वतः केंद्रशासित.

अमरावतीशी मात्र थांबा. विदर्भातली मुलं हमखास आपल्या अमरावतीवर लाल टिंब देतात. आंध्र प्रदेशची अमरावती कृष्णेच्या काठावर आहे. आधी कृष्णा नदी काढून घ्या, मग टिंब.

आता हिरवा रंग. राजधानी म्हणजे सगळी कार्यालयं एकाच गावात, असं मुलांना वाटतं. तसं नसतं. राजस्थानचं उच्च न्यायालय जोधपूरला, केरळचं कोचीला, छत्तीसगडचं बिलासपूरला, उत्तराखंडचं नैनितालला, मध्य प्रदेशचं जबलपूरला. एवढी पाच पुरे.

रोज चार-पाच राज्यांच्या वर जाऊ नका. ईशान्येला दोन दिवस द्या, तिथली राज्यं लहान आणि एकमेकांना खेटून असल्याने इटानगर, कोहिमा, इंफाळ, ऐजॉल, आगरतळा यांची अदलाबदल होते. आठवड्याने कोरा आराखडा समोर ठेवा आणि नावं न लिहिता फक्त टिंबं द्यायला सांगा. चुकलेलं टिंब खोडू देऊ नका. त्याच्यापासून बरोबर जागेपर्यंत बाण काढून घ्या आणि तो कागद तसाच कपाटाच्या दारावर चिकटवा.