नवे सेल टाकले तरी माऊस का मरतो? या चुका टाळा

उन्हाळ्याच्या सुट्ट्या संपल्या की मला एक फोन हमखास येतो. यंदा तो नागपूरच्या धरमपेठेतल्या एका क्लासमधून आला. "भाऊ, कीबोर्ड गेला वाटते. सेल तर नवीन टाकले ना जी!"

गेलो, कीबोर्ड उलटा केला, झाकण सरकवलं. सेल खरंच नवे होते. पण ज्या स्प्रिंगला ते टेकले होते, तिच्यावर मिठासारखा पांढरा थर आणि खाली हिरवट गंज. जुने सेल सुट्टीभर आतच राहिले आणि गळले. कोणीतरी ते काढून फेकले आणि त्याच थरावर नवे बसवले. करंट जाणार कुठून?

कान साफ करायचा कापसाचा इअरबड व्हिनेगरमध्ये बुडवून स्प्रिंगवर फिरवला. थोडं फसफसलं, थर सुटला. मग कोरड्या कापडाने पुसून, पत्ती बारीक सँडपेपरने हलकी घासली आणि अर्धा तास वाळू दिलं. कीबोर्ड चालू. व्हिनेगर नसेल तर लिंबू चालतं, कारण अल्कलाइन सेलमधून गळतं ते अल्कली, पोटॅशियम हायड्रॉक्साइड. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याची ती पांढरी भुकटी होते. ती नखाने खरवडू नका, आणि हात धुतल्याशिवाय डोळ्याला बोट लावू नका. थर आत सर्किटपर्यंत पोहोचला असेल तर मात्र मी नाद सोडतो.

संपत आलेल्या सेलमध्ये वायू साठतो, दाब वाढतो आणि सील सुटतं. उष्णतेने हे लवकर होतं. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि बंद ऑफिसात कूलरही नाही, म्हणजे सेलची भट्टीच. महिनाभर कुलूप लावणार असाल तर सेल काढून ठेवा. खालचं बटण बंद केल्याने सेल वाचतो, पण गळायचा थांबत नाही.

आता खरेदीची चूक. बर्डीत किंवा इतवारीत "दोन पेन्सिल सेल द्या" म्हटलं की बहुतेक वेळा हातात पडतो तो कार्बन-झिंक. त्यावर मोठ्या अक्षरात 'हेवी ड्यूटी' लिहिलेलं असतं आणि माणूस खूश होतो. ते नाव जुन्या काळचं आहे. आजच्या हिशेबाने तो सगळ्यात कमी ताकदीचा सेल, आणि गळण्यातही पुढे. बारीक अक्षरं वाचा. 'एलआर६' असेल तर अल्कलाइन, नुसतं 'आर६' असेल तर कार्बन-झिंक, 'एचआर६' म्हणजे रिचार्जेबल. बारक्या रिमोटवाल्या सेलवर ६ च्या जागी ०३ असतं.

रिचार्जेबलबद्दल तक्रार ठरलेली: "रात्रभर चार्ज केला तरी साठ टक्केच दाखवते." यात सेलचा दोष नाही. अल्कलाइन दीड व्होल्टपासून हळूहळू उतरत जातो आणि माऊसचा इंडिकेटर त्याच उताराच्या हिशेबाने बनवलेला असतो. रिचार्जेबल निकेल सेल मात्र बहुतेक वेळ १.२ व्होल्टच्या आसपास सपाट चालतो आणि शेवटी एकदम कोसळतो. म्हणून इंडिकेटर त्याला अर्धा संपलेला समजतो, आठवडेच्या आठवडे तिथेच अडकतो, आणि मग ऐन प्रेझेंटेशनमध्ये माऊस गप्प. अशा माऊसचा टक्का बघूच नका. चार्ज केलेली दुसरी जोडी ड्रॉवरमध्ये ठेवा.

पण त्या ड्रॉवरमध्येही गोम आहे. साधा निकेल सेल पडल्या पडल्याही उतरतो. 'प्री-चार्ज्ड' किंवा 'रेडी टू यूज' लिहिलेले सेल घ्या, ते चार्ज धरून ठेवतात. २००५ साली सान्योने आणलेल्या एनेलूपने हा प्रकार रूढ केला. पेन्सिल सेलवर ४६०० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) छापलेलं दिसलं तर पुढे चला. या आकाराच्या निकेल सेलमध्ये २८०० च्या आसपासच मजल जाते. हल्ली टाइप-सी पोर्ट असलेले दीड व्होल्टचे लिथियम सेलही मिळतात. त्यांच्यावरचा २६०० हा आकडा एमएएच नसून बऱ्याचदा मिलीवॉट-अवर, म्हणजे ऊर्जेचं माप असतो, दीड व्होल्टच्या हिशेबाने १७०० च्या जवळपास एमएएच. ते सेल शेवटपर्यंत फुल्ल दाखवून अचानक बंद पडतात.

एक चूक मात्र महागात पडते. १४५०० नावाचा लिथियम सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेल असतो, पण तो ३.७ व्होल्टचा. टॉर्चमधला तो सेल माऊसमध्ये घालू नका, सर्किट जळू शकतं. आणि साधा अल्कलाइन चार्जरमध्ये लावणारे महाभागही मी पाहिले आहेत. तो गळतो, क्वचित फुटतो. नवा-जुना, किंवा अल्कलाइन-रिचार्जेबल अशी मिसळ जोडीही नको. दमलेल्या सेलला दुसरा सेल उलटा दाबतो आणि तोच आधी गळतो.

मग घ्यायचं काय? माझं मत सांगतो. ऑफिसचा साधा माऊस एका सेलवर सहा महिने ते वर्षभर जातो, त्यासाठी चार्जर विकत घेण्यात पैसे वसूल होत नाहीत. चांगला अल्कलाइन टाका. गेमिंगचा, दर दोन-तीन आठवड्यांनी सेल खाणारा माऊस असेल तर रिचार्जेबल. कीबोर्डचं उलटं आहे. तो सेल इतका कमी खातो की आपण त्याला विसरतो, आणि विसरलेला अल्कलाइनच गळतो. तिथे मी रिचार्जेबल घालतो, पैशासाठी नाही, कीबोर्डसाठी.

आतच बॅटरी असलेल्या माऊसची गोष्ट वेगळी. "चार्जच होत नाही" म्हणून आलेले निम्मे माऊस केबल बदलली की सुरू होतात. काही स्वस्त माऊसच्या टाइप-सी पोर्टमध्ये लागणारे बारके रेझिस्टर गाळलेले असतात, त्यामुळे दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने ते चार्ज घेत नाहीत. एका टोकाला जुना चपटा यूएसबी असलेली केबल लावा. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांनी माऊस वायरवर चालणार नाही. अ‍ॅपलच्या मॅजिक माऊसचं पोर्ट तर २०१५ पासून पोटाखालीच आहे. चार्ज होताना तो वापरताच येत नाही, म्हणून जेवायच्या सुट्टीत लावा. आणि ही लिथियम बॅटरी पूर्ण रिकामी करून कपाटात ठेवू नका, अर्धी भरून ठेवा.

मानेवाड्यातल्या एका काकांनी महिन्यात तीनदा सेल बदलले, तरी माऊस अडखळतच होता. सीपीयूच्या मागे बघितलं, तर माऊसचा डोंगल (माऊसचा सिग्नल पकडणारा यूएसबीचा तुकडा) आणि बॅकअपची यूएसबी ३ हार्ड डिस्क अगदी खेटून. यूएसबी ३ चा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवरही पसरतो, आणि माऊस त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलने २०१२ मध्येच हे लिहून ठेवलंय. हातभर लांब एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल टेबलावर आणला, अडखळणं गेलं. काढलेले सहा सेल काकांनी फेकायला ठेवले होते. मी मीटर लावला, सगळे १.४ व्होल्टच्या वर, म्हणजे चांगलेच. दोन त्यांच्याच भिंतीवरच्या बंद घड्याळात गेले.