दोन दिवसांत अष्टविनायक: पुण्यातून निघताना

शास्त्रोक्त क्रमाने मोरगावनंतर सिद्धटेक आणि मग पाली येते. शनिवार-रविवारच्या गाडीप्रवासाला तो क्रम परवडत नाही, कारण पूर्वेकडून थेट रायगडात उतरून पुन्हा जुन्नरकडे यावं लागतं.

शनिवारी पहाटे साडेपाचला हडपसर सोडा. दिवेघाट, सासवड, जेजुरीवरून मोरगाव, मग दौंडमार्गे सिद्धटेक, परतताना सोलापूर रस्त्याने थेऊर आणि लोणीकंदवरून रांजणगाव. उशीर झालाच तर थेऊर गाळा. पुण्यापासून २५ किलोमीटरवर आहे, कधीही होतं. मुक्काम ओझरला. भक्तनिवासाची खोली आधीच फोन करून ठरवा. संकष्टीला, त्यातही अंगारकीला, हा बेत आखूच नका.

रविवारी उजाडताच लेण्याद्री. पायऱ्या तीनशेच्या आसपास, आणि लेणी दक्षिणाभिमुख असल्यामुळे दहानंतर कातळ तापतो. पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढावं लागतं. प्रसादाची पिशवी हातात लोंबकळत नेली की माकडं ती हिसकावणारच. सॅकमध्ये चेन लावून ठेवा.

तिथून नारायणगाव, चाकण, तळेगाव, लोणावळामार्गे खोपोली. खरी फसगत इथे होते. वरदविनायकाचं महड खोपोलीजवळ आहे. चवदार तळ्याचं महाड मुंबई-गोवा महामार्गावर, बरंच दक्षिणेला. इंग्रजीत दोन्हींचं स्पेलिंग एकच, त्यामुळे नकाशात नुसतं गावाचं नाव टाकलं तर भलतंच महाड उघडतं. ‘वरदविनायक मंदिर, खोपोली’ असं शोधा. शेवटी पाली, आणि खोपोलीवरूनच माघारी.